ताईच्या दंडावरचे डाग

बांगड्यांच्या दुकानात एका बाईच्या दंडावर निळा डाग दिसला आणि माझी मूठ आवळली.

ताईच्या अंगावर असेच डाग उठायचे. "आपोआप येतात रे," ती म्हणायची. कातडी आतलं दुखणं सांगत होती. मला मात्र त्यात नवऱ्याचा हात दिसला. मी दाजींच्या कानाखाली मारली, तिला माहेरी आणलं आणि सूड उगवल्याच्या गुर्मीत महिना घालवला. मग तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. तपासणीत रक्ताचा कॅन्सर निघाला.

दवाखान्यात मी हात जोडले, तेव्हा दाजी एवढंच म्हणाले, "तुम्ही मारलंत, त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे नेणार होतो."

ताई गेली. दाजींनी माझ्यावर कधीच हात उगारला नाही. याहून मोठा सूड त्यांना घेताही आला नसता.