वसंताची मनगटपट्टी

शेगावला रेल्वेतून उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते, पण ऊन मात्र दुपारचं होतं. वरवट बकालच्या एसटीत पुढची सीट मिळाली. हातातला डबा मी मोठ्या हुशारीनं ड्रायव्हरशेजारी, इंजिनाच्या बोनेटवर ठेवला.

डब्यात वसंताच्या मनगटाची पट्टी होती. लष्कराच्या फिरत्या दवाखान्यात मी थ्रीडी प्रिंटर सांभाळायचो. प्लास्टिकचे थर चढवत हवी ती वस्तू जागेवर करून देणारं ते मशीन. दोन वर्षांपूर्वी बर्फात हेलिकॉप्टर येईना, तेव्हा दगडाखाली हाताची नस दुखावलेल्या जवान वसंताला मी मनगट सावरून धरणारी अशीच पट्टी करून दिली होती. ती आता तुटली होती. महिन्यापूर्वी त्याचा फोन आला.

"साहेब, मनगट लोंबतेच. शेतात रोडग्याची पंगत हाय. मले चारचौघांत उजव्या हातानं जेवाचं हाय."

जुनं माप माझ्याकडे होतंच. लगेच कामाला लागलो.

वसंता स्टँडवर घ्यायला आला होता, उजवा हात खिशात घालून. घरी डबा उघडला आणि माझं तोंड उतरलं. पट्टी पापडासारखी वाकडी झाली होती. थंडीत प्लास्टिक तडकू नये म्हणून आम्ही सामान बुखारीजवळ (तंबू तापवणाऱ्या शेगडीजवळ) ठेवायचो. तीच खोड मी वऱ्हाडच्या मे महिन्यात चालवली होती! पंगत दोन तासांवर, आणि मशीन पुण्यात.

"चुकलं रे माझं," मी म्हणालो.

"काऊन जीव बारीक करता, साहेब? तवा सुजलेल्या हातावर पट्टी बसेना, तं तुमीच गरम पाण्यात बुडवून वाकवली होती ना?"

त्याची बायको सुनीता चुलीवरचं पाणी घेऊन आलीसुद्धा.

पाण्यात मऊ झालेली पट्टी ओल्या टॉवेलवरून त्याच्या हातावर दाबताना ध्यानात आलं, वसंताचं मनगट पार वाळलं होतं. पट्टी धड पोचली असती तरी ढिलीच पडली असती. हात आता कसा आहे, हे मी फोनवर विचारलंच नव्हतं. मला लाज वाटली. पट्टी आवळून बसवली आणि मनगटाचं नवं माप उतरवून घेतलं.

शेतात कडुलिंबाखाली पंगत बसली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे (कणकेचे गोळे), वरण आणि वांग्याची भाजी. वसंतानं रोडगा कुस्करायला घेतला, पण मनगट पडलं आणि तो निसटून शेजारच्या म्हाताऱ्याच्या पत्रावळीवर गेला.

"मले माह्याच रोडगे सरत नाहीत, बे! तुहा तूच खाय," म्हातारा म्हणाला आणि पंगत हसली.

दुसऱ्यांदा मनगट पडलं नाही. वरण कोपरापर्यंत ओघळलं, पण घास तोंडात गेला. सुनीता मला भाजी वाढत होती. ती वाढतच राहिली, कारण तिचे डोळे नवऱ्याच्या हातावर होते. मीही तिला थांबवलं नाही.

निघताना वसंतानं माझाच डबा रोडगे भरून एसटीच्या खिडकीतून दिला, उजव्या हातानं.

लष्करी पोस्टवर वस्तू वेळेत तयार झाली की आम्ही काम संपलं असं समजायचो. पुढे त्या माणसाला त्याच हातानं जगायचं असतं, हे कधी मनातही आलं नव्हतं. पुण्यात पोचल्यावर आधी संगणकातलं वसंताचं जुनं माप पुसलं आणि नवं भरलं. मग डबा उघडून रोडगा कुस्करला, उजव्या हातानं, सावकाश.