आटपाडीच्या खांबावरचे चार कप

नवरा खांबावरून पडून गेला, त्याच्या पुढच्या वर्षी मला त्याच्या जागी फोनच्या खात्यात लावून घेतलं. सांगलीच्या गोदामात. काम काय, तर खांबांवरून उतरवलेले जुने इन्सुलेटर ओळखायचे. तार खांबाला टेकू नये म्हणून वर चिनीमातीचे उपडे कप असतात ना, तेच. नव्वदनंतरची वर्षं ती. जमिनीखालून केबल पडत होती आणि गावोगावच्या तारा उतरत होत्या. पोतीच्या पोती यायची.

पहिल्या आठवड्यात मला सगळे कप सारखेच दिसले. मग हळूहळू हाताला कळायला लागलं. तपकिरी, जड, तो जुन्या तारायंत्राच्या लाइनीचा. त्याच्या पोटावर शिक्का असायचा, कधी इंग्रजांच्या वेळचं सालही. पांढरा, हलका, तो फोनचा, अलीकडचा. एवढं झालं की धड आहे का तडकलेला, ते बघायचं. बाजारात माठ वाजवून घेतो तसं बोटानं वाजवायचं. खणखणला तर धड, बद्द वाजला तर तडा. शंका आली तर निळी शाई फासून पुसायची, तडा असला की निळी रेघ मागं राहते. तडकलेला हातोडीनं फोडायचा, म्हणजे चुकून कुणी परत खांबावर चढवायला नको. साहेब म्हणायचे, "बाई, तुमचा कान लय तयार झालाय." मला त्याचं बरं वाटायचं नाही आणि वाईटही नाही. मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं. जेवलात का, असं कुणी विचारलं तर आठवून सांगावं लागायचं.

नवरा पडला तो आटपाडीच्या रस्त्यावर. त्याचा जोडीदार खाली उभा होता. तो मला म्हणाला, "वैनी, कप तडकलाय, बदलून येतो म्हणाला आन् चढला. कपाला हात लागायच्या आतच पडला." चौकशीच्या कागदावर मात्र लिहून आलं की त्या दिवशी लाइनीवर तक्रार नव्हती, कमरेचा पट्टा बांधला नव्हता, चढायचं काही कारण नव्हतं. झालं! कारण नाही म्हटल्यावर लोकांनीच कारण काढलं. पिऊन चढला म्हणे. तो प्यायचा, खोटं कशाला बोलू? पण कामावर पिऊन जायचा का, हे मला माहीत नव्हतं. बायको असून माहीत नव्हतं.

सासू माझ्यासोबतच राहायची. तिनं नळावर जायचं सोडलं, कारण बायका बोलायच्या. मी एकदा बोलून गेले की सगळ्या खांबांचे कप आमच्याच गोदामात येतात. झडली असती जीभ तर बरं झालं असतं! त्या दिवसापासून रोज दारात पाय ठेवायच्या आत तिचा प्रश्न.

"आलं का गं आटपाडीचं?"

"न्हाई, आत्या."

"यील. माझं पोरगं उगा चढणारं न्हवतं."

एका मंगळवारी दुपारी ते आलं. प्रत्येक पोत्याला खांबाचा नंबर बांधलेला असायचा. तो नंबर मला पाठ होता. आत चार कप, चारही पांढरे. पहिला वाजवला, खणखणला. दुसरा खणखणला. तिसराही. चौथा मी हातात धरून बसले. शेजारी काम करणाऱ्या बाईंनी चहा आणून ठेवला, त्यावर साय आली. मग वाजवला.

तोही धड निघाला.

मी चारही कपांना शाई फासली, पुसली, कप उन्हात नेऊन फिरवून फिरवून बघितले. कुठं रेघ नाही. पुन्हा फासली. शेजारच्या बाई म्हणाल्या, "अहो, किती घासताय?" मी चौथा कप घेतला, हातोडी घेतली आणि फोडला. वहीत लिहिलं, तीन धड, एक तडकलेला. रडू आलं नाही.

घरी गेले. सासूनं विचारलं. मी म्हणाले, "आला, आत्या. तडकलेलाच हुता."

"म्हटलं न्हवतं का म्या!" म्हातारी म्हणाली आणि घळाघळा रडली. डोळे पुसले, घागर उचलली आणि तडक नळावर गेली. तिचा आवाज मला घरात ऐकू येत होता. समद्यांनी ऐका, माझ्या पोराचा कप फुटका निघाला. माझी सून रोज तेच काम करती, तिच्या हातानं बघितलाय तिनं.

परत आली ती भरलेली घागर तशीच खाली ठेवून माझ्याजवळ बसली. माझं डोकं तिनं स्वतःच्या खांद्यावर ओढून घेतलं.

"रड गं बाई," म्हणाली. "आता लाजायचं कारण न्हाई. तू तर डोळ्यानं बघितलंस."

मी डोकं तसंच ठेवलं. व्हय, बघितलं होतं. घरात तेवढं मी एकटीनंच बघितलं होतं.