पमीची ‘जुनी’ गाणी

एका माणसाला दहा जणांनी ‘नको’ म्हटलं की दहा किस्से तयार होतात. आमच्या पमीला तर अर्धी अमरावती ‘नको’ म्हणत होती, त्यामुळे माझ्याकडे साठा भरपूर आहे. पमी म्हणजे माझी कॉलेजातली मैत्रीण. स्वतः गाणी लिहिते, स्वतःच चाल लावते आणि गिटारवर म्हणते. ओवीची चाल, गिटारचा ठेका आणि सोबतीला आमच्या वर्गातल्या गजाननची खंजिरी!

*

गिटार आली बडनेऱ्याहून. तिथल्या एका रेल्वे गार्डची बदली झाली आणि त्यानं ती पमीला देऊन टाकली. आम्ही दोघी ती चादरीत गुंडाळून सायकलरिक्षातून घरी नेत होतो. गल्लीच्या तोंडाशीच शेजारच्या काकूंनी गाठलं.

“काय व पमे, कोन आजारी हाय? झाकून काहून नेऊन राहिल्या?”

पमीनं चादर बाजूला केली. काकूंनी गिटारला वरून खालून हात लावला आणि हळहळून म्हणाल्या, “अव माय! सतारीले सूज आली!”

*

पमीचे वडील, अप्पा, नावाजलेले वकील. त्यांनी घरातच निकाल दिला.

“जुनी गाणी म्हण. ओव्या म्हण, भुलाबाईची म्हण. स्वतःची मात्र नाही. मुलीनं स्वतःच्या मनातलं माईकवर सांगायचं? शोभत नाही!”

“म्हणजे दुसरीच्या मनातलं सांगितलं तर चालेल?”

“चालेल.”

“मग त्या दुसरीनं तिच्या अप्पांना विचारलं होतं का?”

अप्पांनी पेपर उघडला. वडीलधाऱ्यांचा युक्तिवाद संपला की पेपर उघडतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

त्या दिवसापासून पमीची सगळी गाणी पारंपरिक झाली. सकाळी लिहिलेलं गाणं संध्याकाळी तीनशे वर्षांचं! गाणी गाजत होती, पण लिहिणारीचं नाव कुठेच नव्हतं, आणि ते तिला फार लागायचं.

*

गॅदरिंगमध्ये तिनं एक रडवं गाणं म्हटलं. मराठीचे सर इतके भारावले की माईक घेऊन त्यांनी भाषणच ठोकलं. “कोण असेल ती अज्ञात स्त्री? किती खोल तिची वेदना! आजच्या मुलींना असं लिहिता येईल का?”

पमी माझ्या कानात पुटपुटली, “वेदना खोलच होती. अक्कलदाढ येऊन राहिली होती मले!”

*

मग तिला पाहायला पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “गाणं-बिणं येतं का?”

इतक्या आदरानं तिला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. ती आत गेली आणि गिटार घेऊन आली. गाणं संपलं तेव्हा मुलाच्या वडिलांच्या हातातले पोहे हातातच होते. मुलगा मात्र खुशीत येऊन म्हणाला, “आणखी एक म्हणा ना!”

“तू ऊठ!” वडील ओरडले.

पुढे मी पमीला विचारलं, मुलगा कसा वाटला?

“चांगला होता व. पण टाळ्या बेताल वाजवत होता. जन्मभर कसं ऐकू?”

*

पुढे अकोल्याला पमीच्या गाण्यांचा कार्यक्रम ठरला. हॉल भरला होता. पहिल्या रांगेत अप्पा आणि त्यांच्या शेजारी पातूरहून आलेली पमीची आत्या, अप्पांची थोरली बहीण. पमी माईकसमोर आली आणि कुणाला न सांगता म्हणाली, “आता म्हणते ते गाणं जुनं नाही. मी लिहिलंय. आतापर्यंतची सगळी माझीच होती.”

अप्पांचा चेहरा लालबुंद! मला वाटलं, आता हात धरून खाली उतरवतात. पण पमीनं सूर लावलाही होता.

“येस्टी आली येस्टी आली, धुरळा उडला दारी,
भाऊ माहा नाई आला, गेली रिकामी गाडी.”

गाणं संपलं आणि अप्पा उठले. पण त्यांच्या आधी आत्या उठली होती.

“खोटं बोलून राहिली हे पोट्टी! हे गाणं माहं हाय. सासरी जात्यावर म्हनत होती मी!”

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. आता अप्पा भडकले, पण भलतीकडेच.

“अक्का, माझी मुलगी आगाऊ आहे, खोटारडी नाही! कधी म्हणायचीस तू हे गाणं?”

“लगन झाल्यावर. नवीनच होती.”

“तेव्हा पातूरला येस्टी होती?”

“कुठची येस्टी! बैलगाड्याच होत्या.”

अप्पा कोर्टात वळतात तसे लोकांकडे वळले. “ऐकलंत? मग हे गाणं माझ्या मुलीचं आहे! आणि यापुढे ती आपल्याच नावानं म्हणेल!”

टाळ्यांचा नुसता कडकडाट! पमी माईकला धरून उभी होती. आत्या मात्र खाली बसायला तयार नव्हती. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली आणि अप्पांकडे बघत म्हणाली,

“येस्टी नव्हती तं काय झालं? वाट तं तुहीच पाहून राहिली होती ना मी!”