उशीतला राळा

कोठारवाल्याने अर्धं आयुष्य थंड खोलीत स्वेटर घालून काढलं. बाहेर लोकांना घामाच्या धारा आणि हा आत मफलर गुंडाळून बियांच्या पाकिटांशी बोलतोय, हे पाहूनही कुणी त्याला वेडा ठरवलं नाही, हा लोकांचा मोठेपणा. जुन्या धान्यांचे वाण जगवणं हे त्याचं काम. शेतातून गेलेली, ताटातून गेलेली धान्यं त्याच्या फडताळात सुखरूप असत. निदान साहेबांच्या भाषणात तरी असत.

मग एका लांबलेल्या सुट्टीत खोलीचं यंत्र बंद पडलं. दार उघडलं तेव्हा आत बुरशीचा वास. बाकीच्या वाणांचं बियाणं दुसऱ्या कोठारांतही होतं. तांबड्या राळ्याचं नव्हतं. त्याला कुणी विचारतच नसे. कोठारवाल्याने ते बारीक दाणे ओल्या कागदावर मांडले, वाट पाहिली, पुन्हा मांडले. एकालाही कोंब फुटेना.

तेव्हा त्याला उशी आठवली. तान्ह्याचं डोकं छान गोल व्हावं म्हणून त्यांच्या घरात राळ्याची उशी करत. बहिणीच्या बाळासाठी त्यानेच जादाचा तांबडा राळा नेऊन दिला होता. बाळ वर्षाचं व्हायच्या आत गेलं. उशी राहिली.

बहिणीने चहा ठेवला. तो इकडचं तिकडचं बोलत राहिला. शेवटी विषय काढला.

“म्हणजे तू मला नाही, उशीला भेटायला आलास.”

“दोघींना.”

“लाज वाटते का रे दादा, थोडी तरी?”

“वाटते गं. पण दुसरीकडे कुठेच नाही तो.”

“माझाही नाही दुसरीकडे कुठे.”

दोघांनी चहा संपवला. साखर घालायची राहिली होती, हे कुणीच बोलून दाखवलं नाही.

मग ती उठली, आतून उशी आणली आणि एक कोपरा उसवला.

“निम्माच घे. आणि उगवलं की मला आधी सांग. त्याचं डोकं टेकायचं यावर.”

दाणे ओंजळीत पडले आणि खमंग वास आला. कोठारवाल्याने ओंजळ नाकाशी नेली.

“हे... भाजलेस का गं?”

“भाजेन कशाला? सर्दी व्हायची ना त्याला. उशी रोज तव्यावर धरून चांगली शेकायचे. ऊब मिळाली की कसा झोपायचा!” कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा उजळला होता. “का रे? चालत नाही?”

“चालतं,” तो म्हणाला. बियांविषयी तो पहिल्यांदाच खोटं बोलला.

कोठारात त्याने ते दाणे ओल्या कागदावर मांडले. शेजारच्या ताटलीत तुलनेसाठी ठेवलेल्या बाजारातल्या साध्या राळ्याला कोंब फुटले होते, शाळेतल्या पोरांसारखे रांगेत. त्यातले दोन उचलून इकडे ठेवले असते तर कुणाला कळणार होतं? त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. वाणात वाण मिसळू नये म्हणूनच तर पगार मिळत होता.

रोज फोन यायचा. “उगवलं का रे?”

“अजून नाही.”

कागदावर बुरशी धरली तेव्हा मात्र तो म्हणाला, “एकही आला नाही गं. आता नाही यायचे.”

“मग परत लाव,” ती म्हणाली. “निम्मी उशी आहे अजून. मी घेऊन येते.”

“अगं, ऐक तरी...”

तिने फोन ठेवला होता. कोठारवाल्याने नवा कागद काढला, पाण्यात बुडवला आणि ताटलीत नीट पसरला.