अडीचच्या गाडीचे सहा डबे

शामलाताई ठोंबरे यांच्या हातचं ज्यांनी खाल्लं, त्यातल्या निम्म्या लोकांनी त्यांचं घर कधी पाहिलेलं नाही. त्यांना शामलाताई भेटल्या त्या नागपूरच्या फलाटावर, गाडीच्या दारात, दहा मिनिटांपुरत्या.

नागपूरच्या माणसाला यात नवल वाटायचं नाही. चारी दिशांच्या गाड्या इथून जातात आणि कुणाचा भाचा, कुणाची विहीण त्यात बसलेली असतेच. "नागपूरवरून जाऊन राहिलो," एवढा फोन आला की डबा घेऊन निघायचं. इतरांनी ही रीत सवडीप्रमाणे पाळली, शामलाताईंनी मात्र तिचं व्रत केलं. त्याला कारण घडलं होतं. लग्नानंतर दोनेक वर्षांनी त्यांचे थोरले दीर बायकापोरांना घेऊन उत्तरेकडून परत येत होते. वाटेत कुठल्याशा स्टेशनवर पाच माणसांत दोनच पुरीभाज्या घेतल्या, कारण भाव ऐकून दिरांचा हात खिशातच राहिला. जाऊबाई ही गोष्ट हसत सांगत होत्या. धाकट्यानं शेवटी भाजीचा द्रोण चाटला, हे सांगताना मात्र त्यांचं हसू अडलं. त्या दिवसापासून शामलाताईंनी ठरवलं, आपलं माणूस नागपूरवरून उपाशी जायचं नाही.

सहा पोळ्या, कोरडा झुणका, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. थंडीत कोथिंबिरीच्या, म्हणजे इकडच्या भाषेत सांबाराच्या जुड्या स्वस्त झाल्या की सांबारवडी. सगळं मिठाईच्या रिकाम्या डब्यांत भरायचं, म्हणजे परत द्यायची कटकट नाही.

त्यांचे यजमान महादेवराव एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी हिशेब सुटला नाही. "जायचा-यायचा ऑटो, फलाटाचं तिकीट, तेल, बेसन," ते पिशवी उचलता उचलता म्हणत. "यापेक्षा त्यायले तिथंच थाळी घेऊन दे ना वं, स्वस्त पडते!"

"विकतच्यात जीव राहते का?"

"जीव नाही राहत, पण माह्या गुडघ्याचा तर वाचते."

तरी पिशवी तेच धरत.

गेल्या दसऱ्यापासून हे डबे वाढले होते, ते सुशीलमुळे. सुशील म्हणजे शामलाताईंच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. इंजिनिअरिंगची चार वर्षं त्यांच्याच घरी राहिला. परीक्षेच्या दिवसांत पहाटे त्याच्यासाठी उठून गरम दूध द्यायच्या त्याच. आता हैदराबादला नोकरीला होता. एकदा फोनवर म्हणाला, "मावशी, माह्या ऑफिसमधली पोरं दिल्लीले जाऊन राहिली. बिचारी घरापासून लांब. स्टेशनवरचं खाऊन पोट बिघडते, अन् भाव तर विचारूच नको. तुह्या हातचं चार घास..."

वाक्य पुरं व्हायच्या आत शामलाताईंनी विचारलं होतं, "किती जणं आहेत?"

मग दर दोन-तीन आठवड्यांनी फोन यायला लागला. कधी चार, कधी सहा. "मावशी, चांदीच्या कागदाचे डबे घे, बरे दिसतात," असंही त्यानंच सुचवलं. त्या इतवारीच्या बाजारात जाऊन शंभराचा गठ्ठा घेऊन आल्या. "अन् भरले की फोटो पाठव. पाहूनच पोट भरीन म्हणतो." त्या फोटोसाठी शामलाताई वडीचं कापलेलं तोंड मुद्दाम वर करून ठेवत. पोरगं लांबून पाहणार, तर नीट दिसावं.

डिसेंबरातला मंगळवार. अडीचची गाडी, सहा डबे. सकाळी साडेसहापासून शामलाताई सांबार निवडत होत्या. महादेवरावांचे गुडघे त्या दिवशी फारच धरले होते, म्हणून दोन्ही पिशव्या घेऊन त्या एकट्याच आल्या. गाडी लागली. बी-तीनच्या दारात दाढीवाला एक मुलगा हात हलवत उभा होता.

"काकू, मी अंकित. सुशीलचा मित्र." मूळचा नांदेडचा, आवाजात आदब. त्यानं डबे आत दिले, मोजले आणि एकाचं झाकण जरा उचलून पाहिलं. "काकू, यात गोड नाहीये का?"

"गोड?" शामलाताईंना वाटलं, पोराला आवडत असेल. "पुढच्या वेळी लाडू करीन हो. आज वड्यांतच वेळ गेला."

"तसं नाही, काकू. एकशे ऐंशीत गोड धरून आहे, असं सुशील म्हणाला होता. काही हरकत नाही. बाकी तुमचं परवडतं आम्हाला. गाडीत थाळी मागवली तर अडीचशेच्या खाली येत नाही."

शामलाताईंनी पिशवीची घडी घालायला घेतली होती, ती तशीच राहिली. "एकशे ऐंशी कशाचे?"

"डब्याचे. एका डब्याचे." अंकितला वाटलं, काकूंना ऐकू कमी येतं. त्यानं मोबाईलच पुढे धरला.

मागच्या खेपेचा त्यांचाच फोटो होता. तोंड वर केलेल्या वड्या, कडेला ठेचा. खाली लिहिलं होतं : 'नागपूर स्टेशन. अस्सल घरगुती थाळी, १८०. पैसे आधी. मावशी डब्याच्या दारापर्यंत आणून देते.'

"तुम्हाला माहीत नव्हतं?" अंकितचा चेहरा उतरला. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे भाई, खाना आया क्या?" तो एकदा आत बघे, एकदा यांच्याकडे. "काकू, परत देऊ का डबे?"

क्षणभर त्यांच्या मनात आलं, हो म्हणावं. पण त्या मुलांनी पैसे मोजले होते आणि आत कुणी तरी भुकेलं होतं. "खा बाळा," त्या म्हणाल्या. "गरम आहे तोवर खा. तुमची काय चूक."

गाडी गेली. शामलाताई बाकावर बसल्या आणि त्यांनी सुशीलला फोन लावला.

"पोचले का वं मावशी डबे?" त्यानं आधी तेच विचारलं.

"पोचले. गोड नव्हतं म्हणून नाराज झाली पोरं."

पलीकडे तो हसला. लहानपणी बरणीतला लाडू पळवताना सापडला की असाच हसायचा. "मावशी, चिडू नको ना. तुह्याकडून एक रुपया तरी घेतला का मी? त्यायच्याकडून घेतले. त्यायलेही स्वस्तच पडलं."

"मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तू पैसे नको म्हटलं असतं. अन् तुले काय फरक पडला? तू तशीही आणतेसच."

हे खरं होतं. ते खरं आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तर त्यानं हे केलं होतं. चार-पाच खेपांतले ते फोन त्यांच्या कानात पुन्हा वाजले. बिचारी, लांबची, पोट बिघडते. एकदा एका पोराला ताप आहे म्हणाला होता, तर यांनी मऊ खिचडी वेगळी करून दिली होती. तिचेही एकशे ऐंशीच लागले असतील?

"बरं, आजचे अर्धे टाकतो तुले," सुशील म्हणाला. "आता खूश?"

त्यांनी फोन ठेवला. ऑटोत बसेपर्यंत मोबाईल वाजलाच. पाचशे चाळीस जमा, आणि खाली हात जोडलेलं चित्र.

घरी महादेवरावांनी सगळं ऐकून घेतलं. बत्तीस वर्षं तिकीट फाडल्याशिवाय पैशाला हात न लावलेला माणूस. वाटलं होतं, टोमणा मारतील. त्यांनी नुसता पाण्याचा गिलास पुढे केला.

"हे पैसे त्याले परत पाठवून द्या."

"परत काहून? तेल तुहं, बेसन तुहं, पाय तुहे."

"म्हणूनच."

त्यांनी पाठवले. सुशीलचा फोन नंतर दोनदा आला. शामलाताई तो वाजू देत आणि कणीक मळत राहत.

जानेवारीत त्यांच्या मुलीचा, मिनलचा फोन आला. ती भोपाळला नोकरी करते. "आई, शुक्रवारी चेन्नईले जाऊन राहिली ट्रेनिंगसाठी. गाडी नागपूरवरूनच आहे. तीन मैत्रिणी आहेत सोबत. चौघींचं आणशील का?"

"आणते ना," शामलाताई म्हणाल्या. आणि त्याच श्वासात, त्यांना कळायच्या आधी, तोंडून निघून गेलं, "त्यायच्याकडून काही घेतलं तर नाही ना तू?"

"म्हणजे?"

"नाही... पैसे वगैरे."

सोफ्यावर बसलेल्या महादेवरावांनी पेपर खाली केला.

मिनलला सुशीलचं सगळं ठाऊक होतं. तिनं रागावून फोन आपटला असता तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "आई, डबा राहू दे. तू नुसती भेटाले ये."

शुक्रवारी त्या गेल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा फलाटावर रिकाम्या हातांनी उभ्या राहिल्या. हात कुठं ठेवावेत ते कळेना, म्हणून पदर धरून ठेवला. मिनल उतरली, वाकून पाया पडली आणि समोरच्या स्टॉलवरून दोन चहा घेऊन आली. चहा पांचट होता, साखर नुसती ओतलेली. दोघींपैकी कुणीही त्याचा भाव विचारला नाही.