पाहुणे आले की बघू

आमच्या घराण्यात स्वतःचं गाव बघायची पद्धत नाही. गाव बघायचं ते पाहुण्यांबरोबर. सांगलीत जन्म काढलेली माझी आई हरिपूरच्या संगमावर जायची ती मुंबईची आत्या आली तरच. वॉटफर्डला येऊन मीही तेच केलं. लंडन ट्रेनने वीस मिनिटांवर, पण टॉवर ऑफ लंडनच्या किल्ल्यातले ते प्रसिद्ध कावळे मी पहिल्यांदा बघितले नणंद आली तेव्हा, आणि तेही नोकरीला लागून अकरा वर्षं झाल्यावर. एवढं माहीत असून शिकागोत ताईचं काय चाललंय हे मला चार दिवस कळलं नाही, म्हणजे बघा.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्न करून ती शिकागोला गेली, मी नंतर इंग्लंडला आले. माझी सगळी अ‍ॅन्युअल लीव्ह आईकडे सांगलीला खर्ची पडायची. दोन-तीन वर्षांतून एकदा ताईही तिथेच भेटायची. मग आई गेली. नंतर भावोजी गेले, आणि फोनवर ताई ‘बरं आहे’ यापलीकडे बोलेनाशी झाली. तेव्हा कुठे मला सुचलं की विमानं पश्चिमेकडेही जातात.

मला शिकागो बघायचंच नव्हतं. दहा दिवस तिच्या स्वयंपाकघरात बसायचं, तिला बोलतं करायचं, हवं तर दोघींनी रडायचं, एवढंच ठरवून मी गेले होते. पण पहिल्याच सकाळी ताईबाई बूट घालून दारात उभ्या! पिशवीत दशम्या, दाण्याची चटणी, पाण्याच्या बाटल्या. फ्रिजवर तिच्या रेखीव अक्षरात रोजचा कार्यक्रम लावलेला. शाळेच्या सहलीलासुद्धा इतकी शिस्त नव्हती.

मग आमची वरात निघाली. उंच इमारतीच्या काचेच्या फरशीवर मी डोळे मिटून उभी राहिले. आरशासारख्या चकचकीत, राजम्याच्या आकाराच्या त्या शिल्पाखाली आमचे दोघींचे चेहरे भोपळ्यासारखे फुगले, तेव्हा मात्र ताई खळखळून हसली. नदीतल्या बोटीवर गाइड सांगत होता की हे शहर एकदा जळून खाक झालं होतं आणि लोकांनी ते परत उभं केलं. ताई मान पुढे काढून ऐकत होती. रस्ता ओलांडताना मी इंग्लंडच्या सवयीने भलतीकडेच बघायची आणि ती माझं मनगट धरून ओढायची, “अगं, गाड्या तिकडून येतायत!” साठीला टेकलेल्या मला त्या ओढण्याने फार बरं वाटायचं. पण बोलणं काही होत नव्हतं. घरी आलो की ती दमून झोपायची.

चौथ्या दिवशी चित्रांच्या संग्रहालयाबाहेर, दगडी सिंहांपाशी पायरीवर बसून दशमी खाताना माझं डोकं फिरलं. “ताई, पुरे झालं. पाय मोडले माझे. मी तुझं शहर बघायला आलेच नाहीये, मला तुझ्याशी बोलायचंय. आल्यागेल्या पाहुण्याबरोबर हेच बघून तुला कंटाळा कसा येत नाही?”

तिने हातातला घास डब्यात परत ठेवला.

“मी तरी कुठे बघितलंय?” ती म्हणाली. “बत्तीस वर्षांत एकदाही नाही. मी म्हणायचे, चला जाऊ. हे म्हणायचे, अगं, तुझी बहीण येईल ना, तेव्हा सगळेच जाऊ.”

मला तोंड वर करवेना. आठ तासांचा प्रवास होता, आणि तो मला इतकी वर्षं जमला नव्हता. मी रडले. ताईने पदराने नाही, तिकडच्या कागदी रुमालाने माझं नाक पुसलं आणि म्हणाली, “चल, आत फार छान चित्रं आहेत म्हणे.” राहिलेले दिवस मी कुरकूर न करता चालले. तिने म्हटलं ते सगळं बघितलं, डायनासोरची हाडंसुद्धा.

गेल्या शरदात ताईला अर्धांगाचा झटका आला. मी तडक गेले. बोलणं सावकाश पण स्पष्ट होतं, डावा पाय मात्र उचलत नव्हता. फ्रिजवर काही लावलेलं नव्हतं. तीन दिवस आम्ही स्वयंपाकघरात बसून बोललो. भावोजींचं, आईचं, तिच्या एकटेपणाचं, सगळं. चौथ्या दिवशी बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. मी म्हटलं, “शेजारणीकडे चाकाची खुर्ची आहे, तळ्याकाठी जाऊन येऊ.”

“कशाला गं?” ताई म्हणाली. “बसू इथेच. बोलू.”

आणि हेच वाक्य ऐकायला त्या दगडी सिंहांपाशी भांडलेली मी उठले आणि कपाट उघडून तिचा कोट शोधायला लागले.