खातं नसलेली मुलगी

भाचीच्या गटाचा जो म्होरक्या होता, त्याचं नाव मी सुविचार ठेवलं होतं. शाळेच्या फळ्यावर रोज सकाळी एक लिहिलेला असतो ना, तसलाच. तोंड उघडलं की आधी बोधवाक्य, मग बाकीचं. नुसतं पाणी हवं असलं तरी हा "मावशी, मागण्यात कमीपणा नसतो" इथून सुरुवात करायचा. अरे बाबा, तो माठ, तो पेला. घे आणि गप पी.

माझं बायकांचं पार्लर आहे. पुढच्या खोलीत दोन खुर्च्या नि भिंतभर आरसा, मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघी: मी, माझी ताई आणि ताईची लेक. लेकीला घरात सगळे माऊ म्हणतो. माऊ कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तिथे गटाने करायचा प्रकल्प मिळाला, विषय 'समाजमाध्यमांचा जबाबदार वापर'. वाचनालयात बोलायला बंदी आणि कॅन्टीनमध्ये बसायला जागा नाही, म्हणून दुपारी ही वरात माझ्याकडे. एसी माझा, चहा माझा, बिस्किटं माझी, आणि जबाबदारी म्हणे त्यांची! सुविचार भाषण करायचा, एक कॅमेरेवाला पोरगा मोबाईल रोखून बसायचा, आणि एक पोरगी होती ती फक्त मम म्हणायला. लिहायचं, टाइप करायचं, पुस्तकं धुंडाळायची, ते सगळं माऊच्या गळ्यात. बोलेल त्याची बोरं विकली जातात, दुसरं काय.

प्रकल्पात एक प्रयोग होता. आठवडाभर मोबाईलवरचं ते सगळं बंद. आणि आपण बंद केलंय हे जगाला कळावं म्हणून हे तिघं रोज त्यावरच फोटो टाकायचे, खाली ओळ: 'आजही आम्ही इथे नाही.' मी एकदा न राहवून विचारलं, "अरे, मग आत्ता आहात कुठे? माझ्या डोक्यावर?" सुविचार म्हणाला, "मावशी, चांगलं काम झाकून ठेवू नये." मम-बाई म्हणाली, "खरंच."

मग त्यांना शोध लागला की आपल्या माऊचं कुठेच खातं नाही. नवरीच्या आईला सोबत फुकट मेकअप करून देते म्हटल्यावर तिचा चेहरा खुलतो ना, तसा सुविचार खुलला. "आपल्याला हीच हवी होती! आजच्या काळात खातं नसलेली मुलगी! हिच्यावर व्हिडिओ करू."

खातं का नाही, हे तिने त्यांना सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी सांगते. माझा मेहुणा बायकोवर हात उचलायचा. पुढे पुढे हात कमी पडायला लागला, मग हाताला लागेल ते. दोन वर्षांपूर्वी ताई अंगावरच्या कपड्यांनिशी लेकीला घेऊन माझ्या दारात आली. मी या शहरात दुकान थाटल्याचं त्याला कोणी कळवलेलं नव्हतं, कारण त्या घरात माझं नाव काढायचीही चोरी होती. तेव्हापासून ताई मागच्या खोलीतच शिवणकाम करते. तिचा फोटो नाही, माऊचा फोटो नाही. माऊने शिक्षण पुरं करायचं, नोकरी धरायची आणि आईला घेऊन ताठ मानेनं राहायचं, एवढाच आमचा बेत.

माऊ नको म्हणत होती. पण मार्क गटाचे होते, तेव्हा शेवटी तिने अट घातली, "चेहरा नको, नाव नको, पत्ता नको. घरचं कारण आहे." सुविचारने छातीवर हात ठेवला. "संमती हा तर आपल्या प्रकल्पाचा पाया आहे." आणि या दीडशहाण्यांनी काय करावं? जिचं खातं नाही, तिच्यासाठी खातं उघडलं! नाव 'खातं नसलेली मुलगी'. माऊ माझ्या पार्लरच्या खुर्चीत पाठमोरी बसून केस विंचरतेय, मागून सुविचारचा आवाज, मोकळं मन, शांत जीवन, आणि काय काय. मला दाखवला तेव्हा खुर्चीत गिऱ्हाईक होतं, म्हणून आवाज बंद ठेवून दाखवला. त्यामुळे मधेच आतून ताईची हाक आलीय, "माऊ, चहा गार होतोय गं," ती काही मला ऐकू आली नाही. ती कापली का नाही? तर म्हणे घरगुती वाटतं.

व्हिडिओ धो धो चालला. मग गटाच्या सादरीकरणाचा दिवस आला. मी एका बाईंच्या केसांना रंग लावत होते, तेवढ्यात माऊचा फोन.

"मावशी, शटर ओढ. आईला बाहेर येऊ देऊ नकोस. त्यांना पत्ता दिलाय."

'त्यांना' म्हणजे कोणाला, हे विचारायची गरज नव्हती. अर्धं डोकं रंगवलेल्या त्या बाईंना घेऊन मी आतून शटर लावलं. माऊ मागच्या गल्लीने आली, तेव्हा सगळं कळलं.

सुविचारने भर वर्गात पडद्यावर एक कमेंट दाखवली होती. वर मथळा 'निकोप संवाद'. कोणी एक सद्गृहस्थ विचारत होते, 'छान व्हिडिओ. हे पार्लर कुठे आहे? बायकोसाठी विचारतोय.' आणि खाली सुविचारचं उत्तर, गल्ली, चौक, खुणेला औषधांचं दुकान, आणि 'आपल्या चौकशीबद्दल आभार'. गटाचा नियमच होता म्हणे, प्रत्येकाला नम्रपणे खरी माहिती द्यायची. त्या सद्गृहस्थांच्या फोटोत त्यांच्या खांद्यावर एक छोटी मुलगी बसलेली. ती माऊ होती.

माऊ उभी राहून एवढंच म्हणाली, "हे माझे वडील आहेत." तर मम-बाईने टाळ्या वाजवल्या. "अय्या, किती गोड!" सगळ्या वर्गाने वाजवल्या.

ताई पिशव्या भरायला लागली. "आई, परीक्षा तोंडावर आलीय," माऊ म्हणत राहिली, "एवढी होऊ दे." ताईने तिची पुस्तकंही पिशवीत कोंबली. संध्याकाळी दोघी गेल्या. कुठे, ते तुम्हालाही सांगणार नाही. परीक्षा बुडाली. पोरीचं वर्ष गेलं. माझ्या जिवाची इतकी काहिली झाली की सांगता सोय नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला. पाटीवर 'फक्त महिलांसाठी' आहे, म्हणून आत शिरला नाही. समोर सायकलवाल्याच्या बाकावर बसला. ओरडत नाही, शिव्या देत नाही, नुसता माझ्या दाराकडे बघत बसतो. पोलिसांकडे गेले, तर रस्त्यात बसणं हा गुन्हा नाही म्हणाले. तेव्हापासून रोज येतो.

आणि परवा सुविचार उगवला. हातात पेढा नव्हता एवढंच नशीब. गट पहिला आला होता, आणि माऊ का गेली हेही एव्हाना कॉलेजात पसरलं होतं.

"मावशी, झालं ते वाईट झालं. पण बघा, त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं होतं. आणि पत्ता व्हिडिओत नव्हताच, कमेंटमध्ये होता." मग आवाज खाली आणून म्हणतो, "आता आंतरमहाविद्यालयीन फेरी आहे. तिची ही खरी गोष्ट सांगितली तर खूप लोकांचे डोळे उघडतील. चेहरा नाही दाखवणार. तिचा नंबर मिळेल?"

कात्री माझ्या हातात होती. ती मी खाली ठेवली, देवाची कृपा. त्याला दंडाला धरून काचेपाशी नेलं.

"तो बाकावरचा माणूस दिसतो? तोच तुझा नम्र सद्गृहस्थ. त्याच्याकडे जा. सांग, पत्ता मी दिला, चूक माझी झाली, आणि त्या दोघी आता इथे नाहीत. खरी माहिती आहे. दे."

सुविचारने बाहेर पाहिलं. तो माणूसही नेमका उठून उभा राहिला होता, चांगला धिप्पाड. सुविचारच्या तोंडून एक बोधवाक्य फुटेना.

"मावशी," तो म्हणाला, "मागून जायला रस्ता आहे का?"